पेव आणि पगार

आपत्काळासाठी घरात धान्य भरून ठेवावे, हा विचार अमेरिकेतून नव्याने आल्यासारखा हल्ली बोलला जातो. तिकडे जमिनीखाली खोल्या बांधून त्यांत अन्नाचे डबे रचणारे सधन लोक आहेत. तेल्हाऱ्याच्या माणसाला याचे नवल वाटण्याचे कारण नाही. जमिनीखाली अन्न राखण्याची विद्या वऱ्हाडात पेव या नावाने नांदत होती. आम्ही पदवीधर इतिहासकार नव्हे. युनियनच्या कचेरीत पगाराचे हिशेब करता करता जे वाचले, त्यावरून बोलतो आहोत.

काळ्या मातीत पेव टिकत नाही. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि ओल आत घेते. म्हणून पेव पांढरीत, टणक व कोरड्या जागी खणीत. तोंड माणूस उतरेल एवढेच, पोट मात्र मोठे. आतून काडाचे अस्तर द्यायचे, कडकडीत वाळलेली ज्वारी ओतायची, वर पुन्हा काड आणि माती घालून तोंड बंद करायचे. कोंडलेली हवा धान्याच्या श्वासानेच विषारी होते आणि तीत किडा जगत नाही. अशी ज्वारी कित्येक वर्षे राही. कडेची काळी पडे, तिला कुबट वास येई. पण दुष्काळात वासाची तक्रार कोण करतो? याच हवेने पेवात घाईने उतरणाऱ्यांचे प्राणही घेतले आहेत. जाणते लोक तोंड उघडून पेव वाऱ्याला सोडीत, मग आत कंदील सोडून पाहत. ज्योत विझली की उतरायचे नाही. आज शिकवण्यांचे पेव फुटते, पुढाऱ्यांचे फुटते. भाषेने शब्द राखला, गावाने खड्डा बुजवला.

राजांनाही ही विद्या ठाऊक होती. कोठारातला अर्धा साठा प्रजेच्या संकटासाठी राखावा, अर्धा वापरावा आणि जुन्याच्या जागी नवा भरावा, असे कौटिल्य सांगतो. पन्हाळ्याचे अंबारखाने अजून उभे आहेत. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बिदरच्या बादशहाची कोठारे भुकेल्यांना खुली केली, ही कथा तर घरोघरी माहीत आहे. तीत चमत्काराचा भाग किती, हा वाद बाजूला ठेवू. कोठारात धान्य असून दाराशी माणसे उपाशी होती, एवढे लोकांनी शतकानुशतके ध्यानात ठेवले.

वऱ्हाडातही पेव मोठ्या घरचे असे: पाटलाचे, देशमुखाचे, सावकाराचे. लहान कुणब्याकडे शेणाने सारवलेली कणगी, तीत राख आणि कडुनिंबाचा पाला. पण सालदाराच्या सालात ज्वारी असे, बलुतेदाराला खळ्यावर धान्य मिळे. म्हणजे गरिबाच्या घरातही सुगीत चार पायल्या एकदम येत. आमच्या मते हीच गोष्ट महत्त्वाची.

1853 साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेला. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस अडला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. 1867 पर्यंत आगगाडी वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. 1870 साली खामगावी कापसाचा बाजार उघडायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. पैसा आला हे खरे, आणि तो नको होता असे म्हणणारे आम्ही नव्हे. पण सरकी ढोरांना चालते, रुई कोणालाच खाता येत नाही. मजुरी रोकडीत होऊ लागली आणि मजुराची कणगी वाण्याच्या दुकानात गेली.

1899 साली पाऊस गेला. 1896-97 च्या टंचाईतून लोक पुरते सावरलेही नव्हते. आगगाडीने बाहेरचे धान्य येऊ शकत होते. ते घ्यायला मजुराच्या हाती पैसा नव्हता, कारण शेतात कामच नव्हते. माणसे खडी फोडायला गेली, आणि उपासमारीच्या मागोमाग रोगराई आली. 1891 च्या शिरगणतीत वऱ्हाडची वस्ती सुमारे 28 लाख 97 हजार होती. 1901 साली ती सुमारे 27 लाख 54 हजार भरली. दहा वर्षांत वाढ राहिली बाजूला, दीड लाखाच्या आसपास माणसे कमी!

त्या दुष्काळी कामांवरची मजुरी धान्याच्या भावावर ठरवीत. पुढे दुसऱ्या महायुद्धात महागाई भत्ता सुरू झाला, तोही आरंभी अन्नाच्या महागाईसाठीच. आमचे तरुण कामगार भत्त्याची टक्केवारी तोंडपाठ सांगतात, पण तिच्या मुळाशी ज्वारी आहे हे त्यांना सांगावे लागते.

25 मार्च 2020 ला देश बंद झाला, तेव्हा ज्यांच्याजवळ पैसा होता त्यांनी दोन दिवसांत महिन्यांचा किराणा भरला. रोजंदारीवाल्याने काय भरावे? पुढे सरकारने माणशी महिना 5 किलो धान्य फुकट दिले, ते उपयोगी पडले. दिवसाला ते 167 ग्रॅमच्या आत बसते.

म्हणून आम्ही एका कारखान्यात मागणी घातली: सुगीत ज्वारी स्वस्त असते, तेव्हा धान्यासाठी बिनव्याजी उचल द्या आणि ती दहा हप्त्यांत कापून घ्या. आषाढात चढ्या भावाने दोन-दोन किलो घेणारा कामगार वर्षाकाठी किती जास्त मोजतो, त्याचा तक्ताही सोबत जोडला. मालकांनी तक्ता वाचला आणि विचारले, “एवढे धान्य तुमची माणसे ठेवणार कुठे?” प्रश्न अगदीच गैर नव्हता. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे राहतात. आम्ही दुसऱ्या दिवशी चार खोल्या मोजून आलो. खाटेखाली पत्र्याची कोठी बसत नाही, पण दाराआडच्या कोपऱ्यात दोन क्विंटलची उभी कोठी बसते. ते मापही आता मागणीपत्राला जोडले आहे.