मोटारीतील '१२ व्होल्ट'चा भरवसा किती?

मोबाइल फोन, डॅशकॅम, वाहनाचा माग ठेवणारे यंत्र, चाकात हवा भरण्याचा छोटा पंप अशी अनेक उपकरणे आज मोटारीच्या विजेवर चालतात. टॅक्सीचालकासाठी तर मोबाइल चालू असणे म्हणजेच त्या दिवसाची कमाई. मात्र मोटारीतील वीज घरातील विजेइतकी स्थिर नसते. माहितीपत्रकात छापलेला '१२ व्होल्ट' हा आकडा बव्हंशी नावापुरताच असतो.

शिसे-आम्ल बॅटरीत सहा घट असतात. पूर्ण भरलेल्या आणि विश्रांत अवस्थेतील बॅटरीचा विद्युतदाब सुमारे १२.६ व्होल्ट भरतो. इंजिन सुरू झाले की अल्टरनेटर तो साधारण १३.८ ते १४.४ व्होल्टपर्यंत नेतो. सेल्फ मारताना स्टार्टर मोटर काही क्षण शंभराहून अधिक अँपिअर खेचते. त्या वेळी हाच दाब नऊ-दहा व्होल्टवर येतो आणि बॅटरी जुनी असल्यास त्याहूनही खाली जातो. गाडी सुरू करताच डॅशकॅम बंद पडून पुन्हा सुरू होतो, या नेहमीच्या तक्रारीचे मूळ बहुधा येथेच असते. सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणाऱ्या गाड्यांत हा प्रकार दर सिग्नलला घडू शकतो. म्हणून काही उत्पादक अशा गाड्यांत दाब सावरणारे वेगळे परिवर्तक बसवतात.

दाब उतरण्यापेक्षा तो अचानक चढणे अधिक घातक असते. उतरलेल्या बॅटरीला अल्टरनेटर जोमाने विद्युतप्रवाह पुरवत असताना टर्मिनल सैल होऊन बॅटरी तुटली, तर अल्टरनेटरला तो प्रवाह तत्काळ आवरता येत नाही आणि गाडीतील संपूर्ण जोडणीवर दाबाची लाट उसळते. अभियंते तिला 'लोड डंप' म्हणतात. आयएसओ १६७५०-२ या आंतरराष्ट्रीय मानकात १२ व्होल्टच्या वाहनांसाठी, ही लाट रोखणारी सोय अल्टरनेटरमध्ये नसल्यास, ७९ ते १०१ व्होल्टची चाचणी सांगितली आहे. लाटेचा कालावधी ४०० मिलिसेकंदांपर्यंत असू शकतो. तशी सोय असलेल्या गाड्यांत ती साधारण ३५ व्होल्टच्या आसपास थोपवली जाते. अल्टरनेटर 'तपासण्यासाठी' चालू इंजिनावर बॅटरीची तार काढण्याची काही गॅरेजमधील जुनी पद्धत म्हणूनच धोक्याची आहे. ट्रकच्या २४ व्होल्टच्या बॅटरीवरून मोटार सुरू करण्याचा प्रयत्नही तितकाच अनिष्ट.

या चढउतारांतून स्थिर पाच व्होल्ट मिळवण्याचे काम चार्जर करतो. जुन्या पद्धतीचा रेषीय नियामक जादा दाब उष्णतेच्या रूपाने जाळून टाकतो. १४ व्होल्टवरून पाच व्होल्टला दोन अँपिअर द्यायचे असल्यास उपकरणाला १० वॉट मिळतात, तर १८ वॉट नुसते तापण्यात जातात. त्यामुळे आता सर्रास स्विचिंग पद्धतीचे चार्जर वापरले जातात. त्यांची कार्यक्षमता ८५ टक्क्यांच्या पुढे जाऊ शकते. परंतु स्वस्त चार्जरमध्ये अनेकदा जेमतेम ४० व्होल्ट सोसणारी चिप असते आणि लाट शोषून घेणारा संरक्षक डायोड वगळलेला असतो. चिपमधील स्विच शॉर्ट झाला, तर गाडीचे १४ व्होल्ट थेट मोबाइलच्या दारात पोहोचतात. चार्जर लावताच एफएम रेडिओवर खरखर येत असेल, तर आतील गाळणी कमी प्रतीची असल्याची ती खूण समजावी.

जोडणीचा प्रश्न वेगळाच. डॅशबोर्डवरील गोल सॉकेट मुळात सिगारेट पेटवण्यासाठी होते. खड्ड्यांच्या रस्त्यावर त्यातील प्लग हलतो आणि पुरवठा क्षणभर तुटतो. कायमस्वरूपी बसवायची उपकरणे फ्यूजबॉक्समधून जोडणे इष्ट. डॅशकॅमला दोन-तीन अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज पुरतो. फ्यूज उपकरणाचे रक्षण करतो, हा गैरसमज आहे. तो मुख्यतः तारेला जळण्यापासून वाचवतो. म्हणून तो बॅटरीच्या बाजूला, शक्य तितका उगमाजवळ असावा लागतो. शॉर्टसर्किट झाल्यास बॅटरी शेकडो अँपिअर देऊ शकते. मध्येच तार सोलून, पीळ देऊन, टेप गुंडाळलेल्या बिनफ्यूजच्या जोडणीतून आगीला निमंत्रण मिळते ते यामुळेच.

उभ्या गाडीतील वापराचा हिशेब तर फारच थोडे जण मांडतात. पार्किंगमध्ये चालू असलेला डॅशकॅम ३०० मिलिअँपिअर घेत असेल, तर दिवसाला ७.२ अँपिअर-तास खर्च होतात. लहान पेट्रोल मोटारीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी या गतीने अडीच दिवसांत निम्मी रिकामी होते. लांब सुट्टीवरून परतल्यावर गाडीला धक्का मारण्याची वेळ येते, ती अशी. वारंवार खोल उतरणारी बॅटरी लवकर निकामीही होते. यावर दोन उपाय आहेत : इग्निशन बंद होताच पुरवठा तोडणारी जोडणी, किंवा दाब ठरावीक पातळीखाली गेल्यास उपकरण बंद करणारे यंत्र. ही पातळी १२ व्होल्टच्या खाली ठेवू नये. जुन्या बॅटरीसाठी १२.२ व्होल्ट अधिक सुरक्षित. टोलनाक्यावरचा फास्टॅग मात्र या हिशेबात धरायला नको. त्याला गाडीची वीज लागतच नाही. नाक्यावरील यंत्राच्या रेडिओलहरींवरच तो काम भागवतो.

विजेवर चालणाऱ्या मोटारींतही बहुधा १२ व्होल्टची छोटी बॅटरी असतेच. तिला अल्टरनेटरऐवजी मुख्य बॅटरीतून परिवर्तकाद्वारे वीज मिळते आणि सेल्फचा झटका नसतो. तरीही फ्यूज आणि उभ्या गाडीतील खर्चाचे नियम तेथेही लागू पडतात.

अपघातात मात्र पुरवठा नेमका महत्त्वाच्या क्षणी तुटू शकतो. तेव्हा डॅशकॅमला शेवटची फाइल बंद करण्यास काही सेकंद मिळाले नाहीत, तर धडकेचे चित्रणच हाती लागत नाही. यासाठी उपकरणात लहान लिथियम बॅटरी किंवा सुपरकपॅसिटर ठेवतात. उन्हात तापलेल्या काचेमागे लिथियम बॅटरी फुगण्याचा संभव असल्याने उष्ण हवामानात सुपरकपॅसिटर असलेला डॅशकॅम निवडणे श्रेयस्कर ठरते.