व्यंगचित्रांची मूळ चित्रे : धर्मादाय लिलाव, कर आणि पुनर्विक्री

व्यंगचित्रकार किंवा चित्रकथाकार छपाईसाठी हाताने जे चित्र काढतो, ते मूळ चित्र. आर. के. लक्ष्मण, मारिओ मिरांडा, शि. द. फडणीस, वसंत सरवटे यांच्यासारख्या कलावंतांची मूळ चित्रे संग्राहक जपून ठेवतात. एखाद्या न्यासाच्या मदतीसाठी भरलेल्या लिलावात असे चित्र घेतले, की आयकर, जीएसटी आणि कॉपीराइट या तिन्ही कायद्यांशी संबंध येतो.

देणगी की खरेदी : बोलीच्या मोबदल्यात चित्र हाती पडते, त्यामुळे सत्कार्यासाठी दिलेली असली तरी ती रक्कम मुळात खरेदीची किंमत असते. आयकर कायदा, 1961 मधील कलम 80जीची वजावट मोबदल्याविना दिलेल्या रकमेला मिळते. तीही मान्यताप्राप्त संस्थेला दिलेली हवी, 2,000 रुपयांवर रोखीने दिलेली नको आणि करदात्याने जुनी करप्रणाली निवडलेली हवी. वस्तुरूप देणगी या कलमात बसत नाही. त्यामुळे लिलावासाठी स्वतःचे चित्र देणाऱ्या कलावंतालाही त्याच्या किमतीची वजावट मिळत नाही. 1 एप्रिल 2026 पासून आयकर कायदा, 2025 लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत.

विक्रीवरील कर : वापरातले कपडे किंवा फर्निचर विकून झालेल्या नफ्यावर कर नसतो. रेखाटने, चित्रे व अन्य कलाकृती मात्र या सवलतीतून वगळलेल्या असून त्या भांडवली मालमत्ता ठरतात. चित्र 24 महिन्यांहून अधिक काळ जवळ ठेवून विकल्यास दीर्घकालीन भांडवली नफ्यावर 12.5 टक्के कर लागतो. 23 जुलै 2024 पासूनच्या विक्रीला हा दर असून त्यात महागाई निर्देशांकाचा लाभ नाही. 24 महिन्यांच्या आत विकल्यास नफा नेहमीच्या उत्पन्नात मिळवतात. वारशाने आलेल्या चित्राला आधीच्या मालकाची खरेदी किंमत आणि त्याने ते बाळगल्याचा काळ लागू होतो. खरेदी-विक्री हाच धंदा असेल, तर नफा व्यवसायाचे उत्पन्न ठरतो. हाताने काढलेल्या चित्रांवरील जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्क्यांवर आला. धंदा न करणाऱ्या व्यक्तीने घरचे चित्र विकल्यास तो लागत नाही.

चित्रकाराचा वाटा : चित्र विकत घेतले म्हणून ते छापण्याचा हक्क मिळत नाही. शिवाय कॉपीराइट कायदा, 1957 मधील कलम 53अ नुसार मूळ रेखाटनाची पुनर्विक्री 10,000 रुपयांहून अधिक किमतीला झाल्यास चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना वाटा मागता येतो. त्याची कमाल मर्यादा किमतीच्या 10 टक्के आहे. कॉपीराइट दुसऱ्याला दिला असला तरी हा हक्क उरतो. मात्र चित्रकार त्या चित्राचा पहिला हक्कधारक असावा लागतो. लक्ष्मण यांच्यासारख्या वृत्तपत्रात नोकरी केलेल्या चित्रकाराबाबत इथे गुंतागुंत होते. वेगळा करार नसल्यास वृत्तपत्रातील प्रकाशनापुरता पहिला हक्क वृत्तपत्राच्या मालकाचा, बाकीच्या बाबतींत चित्रकाराचा. कॉपीराइट मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो. 2015 मध्ये निधन झालेल्या लक्ष्मण यांच्या बाबतीत ही मुदत 2075 अखेर संपेल.

उदाहरण : समजा, पालम (जि. परभणी) येथील संग्राहकाने लिलावात 60,000 रुपयांना घेतलेले चित्र तीन वर्षांनी 1,50,000 रुपयांना विकले. नफा 90,000 रुपये, त्यावर 12.5 टक्क्यांनी कर 11,250 रुपये, उपकर वेगळा. चित्रकाराचा वाटा जास्तीत जास्त 15,000 रुपये. खरेदी किंमत सिद्ध करायला न्यासाची पावती लागते; तीत बोलीची रक्कम आणि वेगळी देणगी स्वतंत्र दाखवलेली असावी.