टँकरच्या मागची पाटी

चांदणी चौकातून हायवेला लागलं की पुढे हमखास एखादा टँकर असतो. त्याच्या मागे एक पाटी असते. चार आकडी नंबर, एखादा आकडा आणि पुढे अक्षरं, एक फोन नंबर. आपण हॉर्न वाजवून पुढे जातो. पण मंडळी, या पाटीमागे बराच इतिहास आहे.

१४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' जहाज उभं होतं. पोटात कापसाच्या गासड्या आणि सुमारे १४०० टन स्फोटकं. हे दोन्ही एकत्र भरायची बुद्धी कुणाला झाली देव जाणे! स्फोटकं असल्याची खूण म्हणून लावायचा लाल बावटा जहाजावर नव्हता. दुपारी धूर दिसला, बंबवाले आले, पाण्याचा मारा सुरू झाला. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट, अर्ध्या तासात दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. १४ एप्रिलपासूनचा अग्निशमन सेवा सप्ताह त्यांच्याच स्मरणार्थ असतो. बंदरातल्या बाकीच्यांना मात्र शेजारी काय जळतंय याचा पत्ताच नव्हता.

आत काय आहे ते बाहेरून कळलं पाहिजे. पाटीचं काम एवढंच. त्यावरची अक्षरं लंडनच्या अग्निशमन दलाने सत्तरच्या दशकात ठरवलेल्या पद्धतीची. सुरुवातीचा आकडा सांगतो की पाणी मारायचं, फोम, की दोन्ही नको. शेवटी 'ई' असेल तर माणसं हलवायचा विचार करा. नंबर मालाचा: १२०३ पेट्रोल, १०७५ एलपीजी. आपल्याकडे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत ही पाटी आली, ड्रायव्हरजवळचं 'ट्रेम कार्ड'ही आलं.

भोपाळनंतर, १९९६ साली, रासायनिक अपघातांच्या आपत्कालीन नियोजनाचे नियम झाले. जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेला क्रायसिस ग्रुप त्यातलाच. पण कारखाना एका जागी असतो, टँकर नसतो. १३ जून २०२३ ला खंडाळ्याजवळ कुणे पुलावर रसायनाचा टँकर उलटून पेटला. पेटतं रसायन खालच्या रस्त्यावर सांडलं. चौघे गेले, त्यात पुलाखालून जाणारेही होते.

आपल्याकडे नियोजन जमत नाही असं नाही. २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री चांदणी चौकातला जुना पूल ६०० किलो स्फोटकं लावून पाडला. हायवे बंद, परिसर रिकामा, बंब तयार. (पूल एका दमात पडला नाही म्हणून आपण हसलो, पण कुणाला खरचटलंही नाही.) तिथे तारीख आणि वेळ आपण ठरवली होती. टँकर उलटताना विचारून उलटत नाही.

१९९६ च्या नियमांप्रमाणे नागरिकाने मागितली तर क्रायसिस ग्रुपने माहिती द्यायची असते. मी अर्ज लिहितोय. चांदणी चौक ते वारजे टँकर फुटला तर हायवे कोण थांबवणार, बावधन आणि भुसारी कॉलनीतल्या लोकांना कोण, कसं कळवणार, वाऱ्याच्या कुठल्या बाजूला न्यायचं? सही करायची असेल त्यांनी कमेंटमध्ये सांगा.