प्रिमपासून वक्र भाग

१२. ‘सेकंड लाइफ’ हे आभासी जग लिंडन लॅब या कंपनीने २००३ मध्ये सर्वांसाठी खुले केले. तेथील फर्निचर मुळात ‘प्रिम’ म्हणजे तयार मूलभूत घनाकृती जोडून बनत असे. खुर्चीची गोलसर पाठ हवी असल्यास दंडगोल घेऊन ‘हॉलो’ने तो आतून पोकळ करतात आणि ‘पाथ कट’ने अर्धा कापतात, उरते ती पन्हळीसारखी पातळ भिंत. हातांसाठी ‘टोरस’ हे गोल छेदाचे कडे वापरतात. पाथ कट ० ते ०.२५ ठेवल्यास पाव कडे, ० ते ०.५ ठेवल्यास अर्धे कडे मिळते. ‘होल साइझ’चे वाय मूल्य कमी केले की कड्याची जाडी घटते. झुलत्या खुर्चीच्या कमानदार पट्ट्यांना चौकोनी छेदाची ‘ट्यूब’ सोयीची. कापलेल्या भागाचे माप आणि फिरण्याचा मध्य मात्र पूर्ण कड्याचाच राहतो. म्हणून उथळ कमानीसाठी मोठे कडे घ्यावे लागते. २००७ मध्ये ‘स्कल्प्टेड प्रिम’ आणि २०११ मध्ये बाहेरच्या सॉफ्टवेअरमध्ये घडवलेले ‘मेश’ आल्यावर या पद्धतीची गरज कमी झाली. तरी प्रिम आजही वापरता येतात. — संपा.