शालेय शिक्षणात धर्म, भाषा व नीती : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

नाना धर्मांची व नाना भाषांची मुले ज्या शाळेत एका बाकावर बसतात, तेथे धर्म कोणी शिकवावा, कोणत्या भाषेतून शिकवावे आणि नीती अंगी कशी बाणावी, हा प्रश्न आपल्या देशात दीड शतकाहून अधिक जुना आहे. त्याच्या इतिहासात ज्ञातिसंस्थांचाही वाटा असल्याने ज्ञातिबांधवांनी तो जाणून घेणे अगत्याचे होय.

इ. स. १८५४ च्या वुडच्या खलित्याने सरकारी शाळांतील शिक्षण धर्मापासून अलिप्त ठेवले. पुढे १८८२ साली नेमलेल्या हंटर आयोगाने सर्व धर्मांना मान्य होईल असे नीतिपाठाचे पुस्तक तयार करण्याची शिफारस केली. आयोगाचे एक सदस्य काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी मात्र आपले असहमतीचे टिपण जोडले. नीती पुस्तकाने शिकविता येते की सहवासाने, हा वाद तेव्हापासून चालत आला आहे.

त्याचे एक उत्तर करवीर नगरीत मिळाले. खेड्यातून आलेल्या विद्यार्थ्याला शहरात ना निवारा, ना जेवण. आणि प्रत्येक जातीची पंगत वेगळी. ही अडचण ओळखून राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०१ साली मराठा वसतिगृह स्थापिले व पुढे जैन, लिंगायत, मुसलमान आणि तत्कालीन अस्पृश्य गणलेल्या समाजांच्या वसतिगृहांना आश्रय दिला. आचारधर्म वसतिगृहात व विद्या सर्वांच्या शाळेत, अशी ही वाटणी होती. तथापि महाराज तेथेच थांबले नाहीत. १९१७ साली त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळांत दाखल करण्याचा हुकूम काढला.

पुढचे पाऊल कर्मवीर भाऊराव पाटलांनी टाकले. ते स्वतः कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहून शिकलेले. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली व १९२४ साली साताऱ्यास सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकच वसतिगृह उघडले. मुले एकत्र राबत व एका पंगतीत जेवत. पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यासाठी अंगावरचे दागिने मोडले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते ह्या वसतिगृहास शाहू छत्रपतींचे नाव देण्यात आले.

स्वतंत्र भारताच्या घटनेने हा अनुभव कायद्यात आणला. अनुच्छेद २८ प्रमाणे पूर्णतः सरकारी खर्चाच्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीवाचून अल्पवयीन मुलावर ते लादता येत नाही. अनुच्छेद २९ अन्वये अनुदानित संस्थेस केवळ धर्म, जात वा भाषा ह्या कारणास्तव प्रवेश नाकारता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली अरुणा रॉय खटल्यात विविध धर्मांची ओळख करून देणे व एखाद्या धर्माची दीक्षा देणे यांतील भेद स्पष्ट केला.

भाषेचेही तसेच. १९५६ साली घातलेला अनुच्छेद ३५०-अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्यास राज्यांना सांगतो. मुंबई महानगरपालिकेने मराठीबरोबरच गुजराती, उर्दू, तमिळ, तेलुगू, कानडी आदी भाषांच्या शाळा चालविल्या, त्या ह्याच जाणिवेने.

ह्या इतिहासाचा बोध आपल्यासारख्या मंडळांना थेट लागू पडतो. ज्ञातीची वसतिगृहे निघाली ती गरजू मुलाला शाळेपर्यंत पोहोचविण्यासाठी, इतरांपासून दूर ठेवण्यासाठी नव्हे. कुलधर्म घरी शिकवावा, मायबोली घरी जपावी. परंतु शेजारच्या मुलाचा आदर हा शेजारी बसल्यानेच येतो. म्हणून आपल्या शिष्यवृत्तीचा व वसतिगृहाचा विचार करताना, परक्या ज्ञातीतील एखाद्या होतकरू मुलासाठी पंगतीत एक पान राखता येईल काय, हा प्रश्न प्रत्येक सभासद कुटुंबाने स्वतःस विचारावा. करवीर ते सातारा हा प्रवास आपल्या पूर्वजांच्या काळीच झाला; तो पुढे नेणे आपल्या हाती आहे.