फोटोतून पतंग मोजणारं एआय: गुलाबी बोंडअळीवर मोबाइलची नजर

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो जणांना दवाखान्यात भरती व्हावं लागलं. त्यामुळे 'फवारायचं की नाही' हा इथे फक्त खर्चाचा प्रश्न नाही. त्याचं उत्तर शोधायला तुमच्या फोनचा कॅमेरा मदत करू शकतो. कसं, ते बघू.

अडचण नेमकी काय?

गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत राहते. एकदा आत शिरली की औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि बाहेरून बोंड चांगलंच दिसतं. मग अळीचा फोटो काढणार कसा? म्हणून तिचे पतंग मोजतात. शेतात हेक्टरी ५ कामगंध सापळे लावायचे. त्यातल्या ल्यूरला मादीसारखा गंध असतो, त्यामुळे नर पतंग सापळ्यात अडकतात. एका सापळ्यात रोज सरासरी ८ पतंग, असं सलग ३ दिवस आढळलं, तर उपाय करायची वेळ आली असं समजतात.

एआय काय करतं?

रोज पतंग ओळखून मोजणं कंटाळवाणं, आणि चूकही होते. त्यासाठी वाधवानी एआय या संस्थेने 'कॉटनएस' ॲप तयार केलं. २०१९ मध्ये गूगलच्या एआय इम्पॅक्ट चॅलेंजमध्ये संस्थेची निवड झाली होती. काम असं चालतं:

१. सापळ्यातले पतंग पांढऱ्या कागदावर पसरून फोटो काढायचा.
२. फोटो कामाचा आहे का, हे मॉडेल आधी तपासतं.
३. मग एकेक पतंग शोधून, कोणत्या बोंडअळीचा ते ओळखून मोजतं.
४. आकड्यावरून फवारणीचा सल्ला मिळतो.

मॉडेल आकाराने लहान केलंय, त्यामुळे रेंज नसली तरी मोजणी फोनवरच होते. या तंत्राला ऑब्जेक्ट डिटेक्शन म्हणतात. कोळंबीच्या तळ्यात कोळंबी मोजायला, तिची वाढ बघायलाही हेच तंत्र कामी येतं.

मर्यादा कुठे?

मॉडेल फक्त फोटोत दिसतं तेच मोजतं. पतंग एकमेकांवर पडले की आकडा चुकतो. ल्यूर जुना झाला असेल तर सापळा रिकामा राहतो, आणि ॲप बिनधास्त 'सगळं ठीक' सांगू शकतं. म्हणून डोमकळ्या बघणं आणि थोडी बोंडं फोडून तपासणं सोडू नका. आणि फवारणी करावीच लागली, तर मास्क, हातमोजे आणि वाऱ्याची दिशा तुम्हालाच सांभाळायची आहे.