सातखणी: रेवदंड्याच्या मनोऱ्याचं नाव

रेवदंड्याच्या किल्ल्याचे रील तुम्ही पाहिलेच असतील. नारळाच्या शेंड्यांवर एक चौकोनी दगडी मनोरा, त्याभोवती फिरणारा ड्रोन, आणि खाली लिहिलेलं ‘वॉच टॉवर’. तर तो पहाऱ्याचा बुरूज म्हणून बांधलेला नाही. तो चर्चचा मनोरा आहे. आम्ही कोडमध्ये एखाद्या फंक्शनला चुकीचं नाव दिलं, की पुढचा माणूस आतलं न वाचता त्याच नावावर विश्वास ठेवतो. इथेही तसंच झालंय.

पोर्तुगीजांनी इथे 1516 मध्ये वखार घातली. मग अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडून परवानगी काढून 1521 ते 1524 मध्ये किल्ला बांधला. त्यानंतर फ्रान्सिस्कन साधूंनी सांता बार्बराच्या नावाने चर्च आणि मठ उभा केला. ही संत विजेपासून वाचवते आणि तोफा डागणाऱ्यांची पाठराखीण आहे, असं ख्रिस्ती लोक मानतात. तोफांवर जगणाऱ्या गावाला शोभेल अशीच. आपला मनोरा याच चर्चचा.

पण गावात विचारा, सगळे त्याला ‘सातखणी’ म्हणतात. मला या नावाचीच जास्त मजा वाटते. खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा. जुनी घरं आपण खणांतच मोजायचो, दोन खणी घर, पाच खणी ओटी. मजल्यालाही खण म्हणत, म्हणून सातखणी माडी. म्हणजे परक्यांनी परक्या देवासाठी बांधलेली इमारत गावाने आपल्या वाड्याच्या मापाने मोजली आणि ठेवून घेतली. 1740 मध्ये किल्ला मराठ्यांकडे आला. पोर्तुगीज गेले, चर्चची घंटा थांबली. गावाच्या तोंडी ना बार्बरा राहिली ना फ्रान्सिस्कन. खण तेवढे राहिले.

तेही सगळे नाहीत. खालून मोजलं तर सात भरत नाहीत, तरी नाव सातचंच आहे. लाकूड कोकणच्या पावसात टिकत नाही, चुन्यातला दगड टिकतो. म्हणून इथले बाकीचे मठ आणि चर्चही आज बिनछपराचे आहेत, आणि त्यांच्या आसपास नारळ-सुपारीच्या वाड्या.

जाल तेव्हा वाडीवाल्याला विचारूनच आत शिरा. आणि रील टाकलंत तर खाली ‘सातखणी’ लिहा.